पीएलएफएसचा बेरोजगारी दर: आठवड्यात एक तास काम केलं की माणूस रोजगारात?

कोरडवाहू (मूळ प्रश्न)

नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, याबद्दल तपशिलात समजून घ्यायचं आहे. 2023-24 च्या वार्षिक अहवालात 15 वर्षांवरील लोकांचा बेरोजगारी दर 3.2 टक्के आहे. एप्रिल 2025 पासून मासिक आकडे यायला लागले, तर पहिलाच आकडा 5.1 आणि पुढच्या मे महिन्यात 5.6. खातं एक, सर्वेक्षण एक आणि दर दोन, असं का?

शिवाय आणखी काही शंका आहेत. घरं कोण निवडतं आणि कशी? आठवड्यात एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात, हे खरं का? 2017-18 मध्ये महिलांचा श्रमशक्ती सहभाग 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 वर गेला. एवढ्या बायका कामाला लागल्या, की मोजायची पद्धत बदलली? आणि माझ्या जिल्ह्याचा दर यातून काढता येईल का?

"सरकारी आकडे म्हणजे सगळा घोळ" असे प्रतिसाद कृपया नकोत. घोळ असेलच, तर तो कुठल्या पायरीवर होतो ते सांगा.

त्रैराशिक

दरांचा गुंता आधी सोडवू, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात.

पीएलएफएस एकाच माणसाला दोन मोजपट्ट्या लावतं. पहिली 'नेहमीची स्थिती', म्हणजे मागचे 365 दिवस. दुसरी 'चालू साप्ताहिक स्थिती', म्हणजे मुलाखतीच्या आधीचे 7 दिवस. तुम्ही दिलेला 3.2 हा पहिल्या पट्टीचा दर आहे आणि 5.1 दुसऱ्या पट्टीचा. 2023-24 च्याच अहवालात साप्ताहिक पट्टीने दर 4.9 टक्के आहे. तुलना करायची तर 4.9 शी करा. तीही अर्धवटच होईल, कारण जानेवारी 2025 पासून नमुन्याची रचना बदलली आहे.

नेहमीच्या स्थितीचा दर कमी का येतो? तिथे दोन टप्प्यांत निर्णय होतो. समजा एकाला वर्षात 5 महिने काम होतं, 3 महिने तो काम शोधत होता आणि 4 महिने यातलं काहीच नाही. आधी पाहायचं की श्रमशक्तीत, म्हणजे कामात किंवा कामाच्या शोधात, किती काळ होता. 8 महिने, म्हणजे तो श्रमशक्तीत. मग त्या 8 पैकी जास्त काळ कशात गेला? 5 महिने कामात, म्हणजे तो 'रोजगारात'. त्याचे रिकामे 3 महिने या दरात कुठेच दिसत नाहीत. त्यावर दुय्यम स्थितीची भर. मुख्य स्थिती विद्यार्थी, गृहिणी किंवा अगदी बेरोजगार असली, तरी वर्षात एकूण 30 दिवस किंवा जास्त काम केलं असेल तर मुख्य आणि दुय्यम धरून काढलेल्या दरात तो माणूस कामगार होतो. बातमीत येणारा 3.2 हा असा, दोन्ही धरून काढलेला आकडा आहे.

साप्ताहिक पट्टीत प्राधान्याचा नियम चालतो. 7 पैकी कुठल्याही एका दिवशी निदान 1 तास काम केलं, की रोजगारात. नोकरी आहे पण आजारपण किंवा रजेमुळे गेला नाही, तोही रोजगारात. एक तासही काम नाही, पण कुठल्या तरी दिवशी निदान तासभर काम शोधलं किंवा करायची तयारी होती, तो बेरोजगार. उरलेले श्रमशक्तीच्या बाहेर. तेव्हा एका तासाचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण ही भारताने काढलेली पळवाट नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या चौकटीत हा नियम 1982 पासून आहे. त्यामागचा हिशेब असा की देशाच्या उत्पादनात ज्याचे श्रम मोजले जातात, तो माणूस कामगारांच्या मोजणीत सुटू नये.

आणि दराचा छेद लोकसंख्या नसतो, श्रमशक्ती असते. काम शोधून कंटाळलेला माणूस "आता नको" म्हणाला की तो अंश आणि छेद दोन्हींतून जातो आणि दर खाली येतो. म्हणून बेरोजगारी दर कधी एकटा वाचू नये. सहभाग दर आणि कामगारांचं लोकसंख्येशी प्रमाण शेजारी ठेवावं.

नाक्यावरचा

नियम आंतरराष्ट्रीय असेल हो, पण मजूर नाक्यावर सहा दिवस उभा राहून एक दिवस माती वाहायला मिळालेला माणूस 'रोजगारात' लिहायचा, हे पटत नाही.

त्रैराशिक

@नाक्यावरचा, हरकत रास्त आहे, आणि ती नवीनही नाही. 1970 च्या दांतवाला समितीने हेच सांगितलं होतं की आपल्यासारख्या देशात एका आकड्यात बेरोजगारी मावत नाही. त्यातूनच 1972-73 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 27 व्या फेरीपासून वेगवेगळ्या पट्ट्या आल्या. त्यातली तिसरी 'चालू दैनिक स्थिती'. ती माणसं न मोजता मनुष्यदिवस मोजते. 4 तास किंवा अधिक काम म्हणजे पूर्ण दिवस, 1 ते 4 तास म्हणजे अर्धा. तुमच्या मजुराचा एक दिवस कामात आणि सहा दिवस बेरोजगारीत पडतो.

पीएलएफएसची ठळक आकडेवारी ही पट्टी वापरत नाही. पण आठवड्याच्या प्रत्येक दिवशी किती तास काम केलं आणि आणखी काम करायची तयारी होती का, हे अनुसूचीत, म्हणजे सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत, नोंदलेलं असतं. ज्याला अर्धबेकारी पाहायची आहे त्याने बेरोजगारी दरावर रागावण्यापेक्षा ते तास उघडावेत. सगळी खदखद तिथे आहे.

उंबरठा

क्षेत्रकामाच्या बाजूने लिहितो. व्याख्या दिल्ली-कोलकात्यात ठरते, पण आकडा दारात ठरतो.

निवडलेलं गाव किंवा शहरी गट मिळाला की पहिलं काम मुलाखत नाही, यादी. हद्दीतलं एकेक घर फिरून नोंदायचं. गाव मोठं असेल तर साधारण सारख्या लोकसंख्येचे भाग पाडून चिठ्ठीने ठरलेल्या भागांचीच यादी करायची. यादीतच विचारतात की घरात दहावी किंवा पुढे शिकलेले किती. त्यावरून घरांचे तीन थर होतात. 2024 पर्यंतच्या रचनेत ग्रामीण भागात दोन किंवा अधिक शिकलेले, एक, आणि एकही नाही, असे थर होते आणि त्यांतून अनुक्रमे 2, 4 आणि 2, म्हणजे 8 घरं घेत. शहरात पहिला थर तीन किंवा अधिकचा आणि मधला एक-दोनचा. बेरोजगारी आणि शिक्षण यांचा संबंध घट्ट आहे, म्हणून हा खटाटोप. आता एका गावातून किंवा गटातून 12 घरं घेतात.

यादी आळसाने झाली की पुढचं सगळं वाकडं. हमखास सुटतात ती दुकानामागची खोली, गच्चीवरचं पत्र्याचं शेड, बांधकामावरच्या झोपड्या आणि मळ्यातली वस्ती. म्हणजे ज्यांचं काम सर्वांत अस्थिर, नेमके तेच. शहरात उलटी अडचण. सोसायटीचा वॉचमन गेटवरच थांबवतो आणि सचिवाच्या सहीशिवाय लिफ्टपर्यंत जाऊ देत नाही. कुटुंब भेटलं नाही तर त्याच थरातलं दुसरं घर बदली घेता येतं, पण बदली घर हे घरी सापडणारं घर असतं. नवरा-बायको दोघं कामावर जाणारी घरं त्यामुळे कमी पडू शकतात. म्हणून संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जायचं, मगच बदली.

कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. हॉस्टेलात राहणारा मुलगा गावच्या घरात धरायचा नाही. हॉस्टेलात तो एकट्याचं कुटुंब म्हणून येतो. तुरुंग, सैन्याच्या बराकी, अनाथाश्रम सर्वेक्षणाबाहेर. सहा महिन्यांच्या वास्तव्याचा निकष असल्यामुळे बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात डोकं खाजवावं लागतं. घराला कुलूप, म्हातारी मागे, बाकीचे कारखान्यावर. शेजाऱ्याने "ते गेलेत तोडीला" सांगितलं म्हणून कोड टाकून मोकळं होता येत नाही.

आता बायकांचा प्रश्न. "तुम्ही काय काम करता?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही, घरीच असते." कोड 92, फक्त घरकाम, आणि बाई श्रमशक्तीच्या बाहेर. तिथे न थांबता विचारायचं असतं:

— दारात म्हशी किती?
— दोन. एक आटलीय.
— धार कोण काढतं?
— मीच की.
— संस्थेत दूध घालायला?
— सकाळी मी, संध्याकाळी पोरगा.
— वैरण कापायला शेतात?
— जाते की रोज.

ही बाई घरच्या दुग्धव्यवसायात काम करते. व्यवहार नवऱ्याच्या हातात असेल तर कोड 21, घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस. सगळा धंदा तीच बघत असेल तर 11. चार प्रश्नांनी एक माणूस श्रमशक्तीच्या आत आला आणि तिच्या आयुष्यात तसूभर फरक पडलेला नाही. वाढलेल्या सहभागात खोदून विचारण्याचा वाटा किती आणि खऱ्या कामाचा किती, हे एकट्या दरावरून सांगता येत नाही. 21 आणि 11 चा हिस्सा किती वाढला आणि पगारी 31 चा किती, ते वेगळं काढा. वाढ बहुतेक ग्रामीण स्वयंरोजगारातली आहे, पगारी नोकऱ्यांतली नाही.

घरातलं काय धरायचं आणि काय नाही, ही रेघही नीट पाहा. घरी खायला पिकवलेली ज्वारी किंवा घरच्यासाठी काढलेलं दूध आपल्याकडे आर्थिक काम धरतात. त्याच ज्वारीचं दळण, पापड-कुरडया, स्वयंपाक हे घरापुरतं असेल तर नाही. जळण गोळा करणं, घरचं शिवणकाम हे कोड 93, म्हणजे श्रमशक्तीबाहेर. पापड विकले की लगेच आत. आंतरराष्ट्रीय पातळीवर 2013 च्या ठरावाने फक्त स्वतःच्या वापरासाठीचं उत्पादन रोजगारातून वगळलं आहे, आपण ठेवलं आहे. देशादेशांची तुलना करणारे तक्ते इथे घसरतात.

आणखी एक जागा म्हणजे उत्तर कोण देतं. एकच जण सगळ्या घराचं सांगतो. सासऱ्याने सुनेचं सांगितलं की "ती घरीच". बापाने इंजिनिअर मुलाचं सांगितलं की "अभ्यास करतोय". मुलगा अर्ज करत असेल, डिलिव्हरीही करत असेल. शक्य तिथे ज्याचं त्याला विचारायचं. धंदा लिहितानाही "कंपनीत आहे" चालत नाही. कंपनी काय बनवते, हा नेमका काय करतो, पगार कोण देतं, हे तीन प्रश्न हवेतच. बँकेच्या दारातला गार्ड एजन्सीचा असेल तर त्याचा उद्योग बँकिंग नाही, सुरक्षा सेवा.

कोरडवाहू

@उंबरठा, म्हशींचं उदाहरण चपखल. पण मग प्रश्न उरतो की एखाद्या महिन्यात अन्वेषकांनी जास्त खोदून विचारलं, तर दर तेवढ्यानेच हलेल? आणि हे नमुने एवढ्या मोठ्या देशाला पुरतात कसे?

चौकट राजा

नमुन्याचं मी घेतो.

रचना दोन टप्प्यांची आहे. आधी गाव किंवा शहरी गट, मग त्यातली घरं. गावांची यादी जनगणनेवरून, शहरात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या शहरी चौकट सर्वेक्षणाने आखलेले गट. 2024 पर्यंत वर्षाला 12,800 गावं-गट आणि प्रत्येकी 8 घरं, म्हणजे 1,02,400 घरं. जानेवारी 2025 पासून 22,692 गावं-गट (12,504 ग्रामीण, 10,188 शहरी) आणि प्रत्येकी 12 घरं, म्हणजे 2,72,304. जनगणना 2011 ची असल्यामुळे तिच्यानंतर वाढलेल्या वस्त्या हा या चौकटीचा कच्चा दुवा आहे. घरयादी ताजी करून तो थोडा भरून निघतो, पूर्ण नाही.

महिन्याचा आकडा शक्य झाला तो फिरत्या गटांमुळे. निवडलेल्या घरी सलग चार महिने जातात. पहिल्या भेटीत सविस्तर अनुसूची, पुढच्या तीन भेटींत छोटी, फक्त साप्ताहिक स्थितीची. गणित सोपं आहे. 22,692 भागिले 12, म्हणजे दर महिन्याला 1,891 नवी गावं-गट. एका वेळी चार तुकड्या मैदानात, म्हणजे साधारण साडेसात हजार गावं-गट आणि नव्वद हजार घरं. दर महिन्याला एक तुकडी बाहेर, एक आत, तीन चतुर्थांश नमुना तोच. आधी ही फेरभेट फक्त शहरात आणि तिमाहीने होती. ग्रामीण भागात एकदाच जात, म्हणून ग्रामीण आकडा वर्षातून एकदाच यायचा.

तुमच्या शंकेचं उत्तर यात आहे. बहुतेक घरं तीच असल्याने दोन महिन्यांतला फरक मोजताना घरं बदलल्यामुळे येणारी उलथापालथ कमी होते. पण फेरभेटीचा स्वतःचा आजार आहे. लोक कंटाळतात. चौथ्या खेपेला "मागच्यासारखंच लिहा" म्हणतात, आणि घाईतला अन्वेषक लिहितोही. भाडेकरू घर सोडून जातात, आणि जाणारे बहुधा नोकरी बदलणारेच असतात. जगभरच्या अशा सर्वेक्षणांत पहिल्या भेटीतला बेरोजगारी दर नंतरच्या भेटींपेक्षा थोडा वेगळा निघण्याकडे कल दिसतो.

आकड्यात किती चूक संभवते ते ढोबळमानाने काढू. महिन्याच्या नमुन्यात श्रमशक्तीतली माणसं दीड लाखाच्या आसपास धरा. दर 5 टक्के. साध्या चिठ्ठीने निवडली असती तर प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे सर्वसाधारणपणे येणारी चूक, सुमारे 0.06 टक्के बिंदू. पण एका गावातली 12 घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून त्या त्रुटीचा वर्ग तिप्पट धरू. मग त्रुटी साधारण 0.1 आणि 95 टक्के विश्वासाची पट्टी दोन्ही बाजूंना 0.2. हा माझा अंदाजी हिशेब आहे, अहवालातली सापेक्ष प्रमाण त्रुटी पाहणं कधीही बरं. तात्पर्य काय, तर देशाचा दर 0.1 ने हलला तर मथळा करू नये. 5.1 चा 5.6 झाला तो नुसता योगायोग नव्हे. मात्र रब्बीची काढणी आटोपल्यावर मे महिन्यात शेतकाम कमी होतंच, उन्हाचा कडाकाही असतो. ऋतूचा परिणाम वेगळा काढायला अनेक वर्षांची मासिक मालिका लागते. तोवर एप्रिलची मे शी तुलना जपून.

जिल्ह्याचं म्हणाल तर 2025 पासून जिल्हा हा बहुतेक ठिकाणी नमुन्याचा मूळ थर आहे. त्यावरून "आता जिल्ह्याचे दर मिळणार" अशी समजूत होते. समजा एका जिल्ह्यात वर्षभरात 30 गावं-गट आले, म्हणजे 360 घरं, त्यांत श्रमशक्तीतली 650 माणसं. 5 टक्के दराने बेरोजगार 32. या 32 जणांवर जिल्ह्याचा दर काढला तर पट्टी सहज 5 अधिक-उणे 2 किंवा त्याहून जास्त. 3 आणि 7 यात फरकच करता येत नाही. सहभाग दर किंवा शेतीतल्या कामगारांचं प्रमाण जिल्हावार चालेल, कारण ते मोठे आकडे आहेत. बेरोजगारीसाठी दोन-तीन वर्षांचा डेटा एकत्र करा किंवा शेजारचे जिल्हे जोडून विभाग करा. राज्यांची सांख्यिकी संचालनालयं आपला जोड नमुना घेतात तिथे तो मिसळला की थोडं बळ येतं, पण दोन्ही नमुन्यांचा दर्जा सारखा आहे का ते तपासूनच.

दशांशचिन्ह

मूळ फाइलीवर बसणार असाल तर काही खड्डे आधीच दाखवते. हे 2024 पर्यंतच्या फाइलींबद्दल आहे.

मायक्रोडेटाच्या पोर्टलवर नोंदणी करून घटकस्तरीय, म्हणजे एकेका घराचा आणि माणसाचा, डेटा फुकट मिळतो. घर आणि व्यक्ती अशा वेगळ्या फाइली, पहिल्या भेटीच्या वेगळ्या आणि फेरभेटीच्या वेगळ्या. वार्षिक दर फक्त पहिल्या भेटीवरून काढायचा. फेरभेटी मिसळल्या की शहर चौपट मोजलं जातं आणि वर दर "जवळपास बरोबर" येत असल्याने चूक लक्षातही येत नाही.

वजनाचा गुणक, म्हणजे नमुन्यातला एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी धरायचा तो आकडा, फाइलीत जसा आहे तसा वापरायचा नाही. एनएसएस (एका उपनमुन्यात पाहिलेली गावं-गट) आणि एनएससी (सगळे उपनमुने मिळून पाहिलेली) ही दोन चलं सारखी असतील तर गुणकाला 100 ने भागायचं, वेगळी असतील तर 200 ने, आणि वार्षिक आकड्यासाठी त्याच वेळी तिमाहींच्या संख्येनेही. सगळीकडे सरसकट 100 ने भागणारे बरेच दिसतात. त्यात एकूण संख्या फुगते, आणि ज्या थरांत दोन उपनमुने आहेत त्यांना दुप्पट वजन मिळून दरही सरकतो.

पडताळणी अशी करा. आधी 2023-24 चा 15 वर्षांवरील सहभाग दर काढा. 60.1 यायला हवा. मग महिलांचा 41.7. हे दोन जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. 60.1 ऐवजी चाळिशीतलं काही आलं तर बहुधा वयाची अट राहिली आणि लहान मुलं छेदात आली.

"देशात इतके कोटी बेरोजगार" असं थेट वजनांच्या बेरजेतून लिहू नका. या सर्वेक्षणातून येणारी एकूण लोकसंख्या प्रक्षेपित, म्हणजे जनगणनेवरून पुढे अंदाजलेल्या, लोकसंख्येपेक्षा कमी भरते. दर सर्वेक्षणातून घ्यायचा आणि लोकसंख्या प्रक्षेपणातून, मग गुणाकार.

मिळकतीचे आकडेही एका पंक्तीत बसवू नका. पगारदाराला मागच्या कॅलेंडर महिन्याचा पगार विचारतात, स्वयंरोजगारवाल्याला मागच्या 30 दिवसांची मिळकत, रोजंदारीवाल्याला आठवड्यातल्या त्या त्या दिवसाची मजुरी. त्यातली मधली सर्वांत कच्ची. किराणा दुकानदाराला गल्ल्यातून खर्च वजा करून 30 दिवसांचं सांगा म्हटलं की तो गोल आकडा सांगतो, आणि शेतकऱ्याला नेमक्या त्या 30 दिवसांत काहीच मिळालेलं नसतं.

@कोरडवाहू, 2017 पासूनची सलग रेघ काढायची असेल तर डिसेंबर 2024 ला तोडा आणि आलेखात ती तुटलेलीच दाखवा. त्याआधीचे वार्षिक अहवालही कृषी वर्षाचे, जुलै ते जून. नवीन वार्षिक आकडे जानेवारी ते डिसेंबरचे. तिमाही फाइलींतून जुनी कॅलेंडर वर्षं पुन्हा बांधता येतात, त्यासाठी दोन वार्षिक फाइलींतल्या दोन-दोन तिमाह्या जोडाव्या लागतात. पण नमुन्याची रचना वेगळी असल्याने 2024 आणि 2025 मधली ती फट तरीही उरतेच.